महाशब्दे यांची मुलगी

१४ जुलै २०२४, अमरावती

आले एकदाची! गाडगेनगरात गोदाबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकीतून कडुनिंब दिसतो, त्याच्यापलीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, तिच्यावर दिवसभर कबुतरं. नितेशदादा गादी डोक्यावर घेऊन जिना चढला तेव्हा गोदाबाईंनी त्याला खालूनच बजावलं, चपला काढ रे बाप्पा, फरशी आत्ताच पुसली. मग त्यालाच चहा दिला, बरोबर चिवडा.

मायनं कुरड्या, जवसाची चटणी आणि ठेचा बांधून दिला. संत्र्याचे दिवस नाहीत याची तिला कोण हळहळ. पोट्टी शेंदूरजनाघाटची, अन् अमरावतीले चालली रिकाम्या हातानं, असं बस सुटेपर्यंत म्हणत होती.

खोलीत माझ्यासोबत देवश्री आहे, देवश्री महाशब्दे. अकोल्याची. वडील वकील, आई शाळेतून निवृत्त. ती आधीच येऊन राहिली होती, तरी खिडकीजवळचा पलंग माझ्यासाठी सोडला होता. आजारपणात एक वर्ष गेलं म्हणाली, म्हणून वर्गात सगळ्यांपेक्षा थोडी मोठी. फार गोड आहे, आणि ऐकून घेते. माझी चटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितली.

एमएस्सीला मी संगणक सुरक्षा का घेतली, तेही तिनं विचारलं. मी मायच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. बागेत काम करून करून तिच्या बोटांच्या रेघा गेल्या आहेत. रेशनच्या दुकानातलं मशीन दर वेळी म्हणतं, ओळख पटली नाही. गावात जन्म काढलेली बाई, आणि एवढंसं यंत्र तिला विचारतं की तू कोण. तेव्हा मी बारावीत होते. तिथेच ठरवलं, हे कसं चालतं ते शिकायचं आणि दुरुस्त करायचं.

देवश्रीनं माझा अंगठा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, तू नशीबवान आहेस.

२३ जुलै

दीपमाला मॅडमचा पहिला तास. काय शिकवतात! मशीन माणसाला तीन गोष्टींवरून ओळखतं म्हणाल्या. तुला काय माहीत आहे, तुझ्याजवळ काय आहे, आणि तू स्वतः काय आहेस. पासवर्ड, कार्ड, आणि मग बोट, चेहरा, आवाज. मग वर्गाला विचारलं, घरी आपण आपल्या माणसाला कसं ओळखतो? मी उठून सांगितलं की माय मला पायांच्या आवाजावरून ओळखते, दार उघडायच्या आधीच नाव घेते. मॅडमना ते इतकं आवडलं की माझा प्रकल्पच ठरला. चालणं, बोलणं आणि टाइप करायची लय यांवरून माणूस ओळखायचा.

खोलीत देवश्रीला घरून फोन येतात. ती गॅलरीत जाऊन हळू बोलते. हो आई, बरं आई. एवढंच.

७ ऑगस्ट

मॅडमनी आज जोड्या पाडल्या. कुलूप चांगलं की वाईट हे चोर आल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रत्येकाला एक नक्कल करणारा हवा. मॅडम त्याला तोतया म्हणतात. पेशवाईतल्या तोतयाची गोष्ट सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. माझी तोतया व्हायला देवश्रीनं आधीच हात वर केला होता.

१९ ऑगस्ट

राखी. दादा आला होता, येताना मोर्शीहून पेढे. देवश्रीनंही त्याला राखी बांधली. तिला भाऊ नाही.

आमचा सराव जोरात चालू आहे. मी बोलते, ती माझ्यामागून बोलते. आधी तिचं वऱ्हाडी ऐकून गोदाबाई पोट धरून हसायच्या. आता तिला ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ जमतं, आणि मी वाक्य संपवताना श्वास घेते तोही जमतो. असा काही श्वास मी घेते हे मलाच माहीत नव्हतं. टाइप करताना मी डाव्या करंगळीनं काहीच दाबत नाही, तेही तिनंच दाखवलं.

मला मजा येते. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

३ सप्टेंबर

पोळ्याला देवश्रीला गावी घेऊन गेले होते. खांदशेकणीला बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावताना बाबांनी तिच्याकडूनही म्हणवून घेतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबा सहसा पाहुण्यांशी बोलत नाहीत. मायनं तिला माझ्या ताटाशेजारी बसवलं, पुरणपोळीवर तूप वाढताना हात सैल सोडला.

दुपारी आम्ही दोघी बागेत फिरलो. ती माझ्यामागे चालत होती, माझ्या पावलांवर पाऊल टाकून. मग एका झाडाखाली बसून एकदम रडायलाच लागली. आमच्या घरी मला कोणी कधी काही विचारत नाही, म्हणाली. मी काय खाल्लं, का रडले, काहीच नाही. मी तिला जवळ घेतलं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, चेहरा नाही, आवाज नाही, काहीच उरलं नाही, तरी तुझी माय तुला कशावरून ओळखेल?

मी सांगितलं. आम्ही दोघी एकट्या असताना माय मला एका नावानं हाक मारते. ते नाव बाबांना नाही माहीत, दादाला नाही. कागदावर ते कधी आलेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. देवश्रीच्या कानात सांगितलं. तिनं ते एकदा पुटपुटून पाहिलं.

१८ सप्टेंबर

आज वर्गात चाचणी झाली. आधी देवश्री. ती चालली, बोलली, टाइप केलं. पडद्यावर हिरवी खूण आणि माझं नाव, रागिणी. टाळ्या पडल्या.

मग मी. लाल. ओळख पटली नाही. परत केलं, परत लाल. सगळा वर्ग हसला, मीही हसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझं खातं उघडून पाहिलं. मी दिलेल्या नमुन्यांवर रोज नवे नमुने चढवलेले होते, आणि ते माझे नव्हते. मशीन नव्याला खरं मानतं आणि जुनं हळूहळू सोडून देतं, हे मॅडमनीच शिकवलं होतं. पासवर्ड कोणाला दिला होता का, त्यांनी विचारलं. देवश्रीलाच दिला होता, मी तापात होते तेव्हा. एक दिवसाचं काम अडू नये म्हणून.

मी काही बोलायच्या आत देवश्री पुढे झाली आणि म्हणाली की रागिणीनंच तसं करायला सांगितलं होतं, नमुने जास्त दिसावेत आणि गुण वाढावेत म्हणून. मी असं कधीही म्हटलेलं नाही! आणि हे ती बोलली माझ्या आवाजात. वाक्याच्या शेवटी तो श्वास.

मॅडम माझ्यावर रागावल्या. जिन्यात देवश्रीनं माफी मागितली, घाबरून बोलून गेले म्हणाली. मी बरं म्हटलं. काय म्हणणार? पण जेवण गेलं नाही.

३० सप्टेंबर

सकाळी मी जिना उतरत होते. गोदाबाई स्वयंपाकघरातून, न बघता, म्हणाल्या, देवश्री, येताना सांबार आण वो. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हटलं मी रागिणी. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. थट्टा नको करू माय, म्हणाल्या, आणि परत कोथिंबीर निवडत—

मी काय लिहिते आहे. निवडायला कोथिंबीर होतीच कुठे, सांबार म्हणून तीच तर आणायला सांगितली होती. डोकं जागेवर नाही.

मोबाइल माझ्या बोटानं उघडत नाही. पुसून पाहिलं, बोट धुऊन पाहिलं. देवश्रीच्या बोटानं उघडतो.

८ ऑक्टोबर

देवश्रीचा फोन मागून घेऊन मायला लावला. माय म्हणाली, आत्ताच त बोलली तुमच्याच खोलीतून माही पोरगी, अन् तू कोन, देवश्री व्हय का? मी म्हटलं, माय, मी आहे. ती हसली. लय हुबेहूब करतं वो बाई, म्हणाली. मंग तिले सांग, दिवाईले लवकर ये.

मी ओरडले. फोन कटला.

११ ऑक्टोबर

आज दुपारी देवश्रीला धरलं. दार लावलं आणि विचारलं, हे तू काय चालवलं आहेस?

ती पलंगावर बसली. माझ्या पलंगावर, खिडकीजवळ, मी बसते तशी एक पाय दुमडून. घाबरली नव्हती. तिला माझी दया येत होती, ते मला सर्वांत वाईट वाटलं.

“मी काही चोरलं नाही वो,” ती म्हणाली. “तूच देलं. मी मांगत गेली अन् तू देत गेली.”

“मैत्रीण समजून दिलं मी.”

“माहीत हाय मले. म्हणून त घेता आलं.”

मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर हात उचलला. ती रडली आणि गोदाबाई वर आल्या. त्यांनी तिला कुशीत घेतलं, रागिणी, रागिणी म्हणत. मला म्हणाल्या, अकोल्याले फोन लावतो तुह्या बापाले.

१४ ऑक्टोबर

चौकात एका दुकानात ठशांचं मशीन आहे. तिथे गेले. दुकानदारानं माझी दहाही बोटं ठेवून पाहिली. मग पडद्याकडे पाहून नाव वाचलं, देवश्री रविकांत महाशब्दे, बरोबर ना ताई?

माझे हात आहेत. डाव्या अंगठ्यावर विळ्याचा वण आहे अजून.

२५ ऑक्टोबर

मॅडमकडे गेले. ओळखपत्र पुढे केलं. फोटो देवश्रीचा, नावही तिचं. कधी बदललं ते माहीत नाही. मॅडम प्रेमानं बोलल्या. देवश्री, तू थकली आहेस, सुट्टीत घरी जा, अकोल्याला चांगले डॉक्टर आहेत. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही शिकवलेलंच हे. एका नावावर दोघी आल्या तर जुनी रद्द होते. मीच जुनी आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी मागवलं.

परत आले तर खाली दादाची मोटरसायकल. मागे देवश्री बसली होती, माझी पिशवी मांडीवर. मी धावले. दादानं आरशात पाहिलं असणार.

थांबला नाही.

३० ऑक्टोबर

घरी गेले. म्हणजे त्या घरी. हे नीट लिहायचं आहे, अजून आठवतं आहे तोवर.

मोर्शी, वरुड, मग शेंदूरजनाघाट. अंगणात माय करंज्यांची कढई उतरवत होती. मी फाटक उघडलं. तिनं नाव घेतलं नाही. मान वर करून विचारलं, “कोन व्हय वो बाई तू?”

आतून माझा आवाज आला, माय, देवश्री आली असंन, तिची तब्येत बरी नाही.

मी मायचे पाय धरले. म्हटलं, मला विचार, काहीही विचार. लहानपणीचं विचार. मायनं कढईखालचा जाळ कमी केला. ती विचार करत होती, मी सांगते, तिच्या मनात आलं होतं काहीतरी. ती खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, “एकटीत असल्यावर मी माह्या पोरीले काय म्हंतो, सांग.”

मी तोंड उघडलं.

नाव नव्हतं. तोंडात जीभ होती, मागे नाव नव्हतं. पहिलं अक्षरही नाही. कागदावर घेतलं असतं तर—

माय थांबली. खूप थांबली. मला वाटतं, मला ते नाव यावं असं तिलाही वाटत होतं. मग आतून ती दुसरी आली, मायच्या कानाशी गेली आणि ते नाव म्हणाली. मायनं डोळे मिटले. झालं.

मला पाणी दिलं. करंजी दिली. दुसऱ्याच्या रडणाऱ्या पोरीला देतात तसं, मायेनं. बाबा बाहेर आले नाहीत. दादानं मला वरुडच्या स्टँडवर सोडलं. तिकीट काढून दिलं आणि म्हणाला, ताई, घरी फोन करा, काळजी करत असतील.

ताई म्हणाला. मला. दादा.

३१ ऑक्टोबर, अमरावती

अकोल्याची माणसं येत आहेत मला न्यायला. येऊ देत. एकच आशा आहे. आपली मुलगी तर ओळखतील? ते बघतील आणि सांगतील, ही आमची नाही. मग सगळं उलगडेल.

१ नोव्हेंबर, अकोला

वकीलसाहेब गाडीतून उतरले, मागून देवश्रीची आई, सिंधूबाई. मी जिन्यात उभी. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सिंधूबाई क्षणभर थबकल्या. मला दिसलं, त्यांना कळलं. त्यांना कळलं होतं!

मग पुढे येऊन मिठी मारली. “देवू, किती वाळलीस गं.”

लक्ष्मीपूजन झालं. मला नवा ड्रेस, मापात. मापात कसा.

४ नोव्हेंबर

दिवाणखान्याच्या भिंतीवर देवश्रीचे फोटो. एक लहान मुलगी झोक्यावर. तीच दहावीत, हातात पेढा. त्यापुढचा फोटो बारावीचा. ती मुलगी वेगळी आहे. नाक वेगळं, कपाळ वेगळं. पदवीचा त्याच्या शेजारी, तो माझ्या खोलीतल्या देवश्रीचा. खाली सगळीकडे एकच नाव.

त्याच्या शेजारी एक खिळा. नुसता.

सिंधूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. आमची देवू तापानं गेली, म्हणाल्या. दहावीनंतर लगेच. ह्यांनी मृत्यूची नोंद केलीच नाही. मुलीशिवाय घरात राहवेना. मग एक आली. मग ही. ही, पदवीच्या फोटोतली, दर्यापूरकडची, तिचं पहिलं नाव काय होतं ते आता मलाही आठवत नाही, आणि तिलाही आठवत नसे.

मी विचारलं, तुम्ही तिला थांबवलं का नाही?

“तिची सुटका झाली, आम्हाला तू मिळालीस. जुलैतच फोन आला होता तिचा. म्हणाली, आई, चांगली मुलगी मिळाली आहे, मनानं मोकळी आहे.”

जुलैत. चटणी खाल्ली त्याच महिन्यात. झाडाखाली रडली ते सप्टेंबरात.

ते रडणं तरी खरं होतं का? हेच फक्त विचारायचं आहे मला तिला. बाकी काही नको.

सिंधूबाई म्हणाल्या, पहिले काही दिवस सगळ्याच रडतात.

९ नोव्हेंबर

वकीलसाहेबांना विनवलं. ते चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत. कोर्टात कागद बोलतो बाळ, चेहरा नाही, म्हणाले. तुझा एकही कागद तुझ्या बाजूनं नाही.

पोलिसांत गेले होते. त्यांनी यांनाच फोन लावला.

१७ नोव्हेंबर

वऱ्हाडी सुटते आहे. ‘मले’ म्हणायला गेले, ‘मला’ आलं. गावचं काही आठवायचं म्हणून बसले — झाडं आठवतात — अंगण — मायचा चेहरा समोरून नाही, बाजूनंच —

खालून हाक आली, देवश्री. मी म्हटलं, आले आई.

विचार न करता. तोंडातून गेलं.

२४ नोव्हेंबर

वरची खोली भाड्यानं दिली. आरती नावाची मुलगी, बाळापूरची. पहिल्या वर्षाला आहे. येताच माझ्याशी बोलायला लागली, हसते फार, सगळं सांगते. सिंधूबाई — आई — चहा देताना माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, तुला जायचं असेल तर वाट आहे हो. आम्ही अडवत नाही.

नाही. नाही करणार. माझ्याशी जे झालं ते मी —

नाही.

२८ नोव्हेंबर

आरतीशी बोलत नाही. दार लावून घेते. ती बाहेरून विचारते, ताई, रागावलात का? संगणकातलं काही शिकवा म्हणते. फोन ठेवून गेली टेबलावर, उघडा.

मी हात लावला नाही. उशीखाली हात दाबून बसले.

१ डिसेंबर

आज सांगणार. सगळं सांगणार. सामान बांध आणि जा, कोणाला काही सांगू नकोस, माझ्याशीही बोलू नकोस. पाठ केलं आहे.

वर जाऊन आले. बोलून आले, पण —

ती दारातच होती. खूश झाली मला बघून. मी म्हटलं, आरती, इथून जा. एवढंच म्हटलं. तिचं हसू गेलं. ती मागे सरली, भिंतीपर्यंत. ताई, असं नका बोलू, म्हणाली, भीती वाटते. मी म्हटलं, भीती वाटायलाच हवी, ऐक माझं. आणि तेव्हा मीही ऐकलं. शब्द माझेच होते, पाठ केलेले, एकही चुकला नाही. पण आवाज —

बाळापूरचा. तिचा. तसंच बोलता बोलता मध्ये हसणं, मी काही मागितलं नसताना. मी तोंडावर हात ठेवला तरी ते आतून —

ती खाली येते आहे. पायांचा आवाज जिन्यात. नाही, ती वरच आहे, दार लावून रडते आहे, मला ऐकू येतं. मग जिन्यात कोण — माझेच पाय — मी तर बसले आहे, मी इथे बसून लिहि